हत्तिणीची गुडगुडी

कासियाची गुडगुडी बैलगाडीच्या चाकाखाली आली, तेव्हा शेजारणी मयताला येतात तशा भेटायला आल्या. फरक एवढाच, की मयताला जाताना बायका आपापली गुडगुडी बरोबर नेतात आणि घरच्या बाईलाही दोन झुरके देतात. या मात्र गुडगुड्या घरी ठेवून, रिकाम्या हातांनी आल्या. कासिया ओढायला मागेल अशी धास्ती होती, आणि धास्ती खोटी नव्हती. तलावाकाठच्या सिनाझोंग्वेच्या बाजारात सुकी कापेंता विकणारी ही बाई ती बोटाएवढी मासळी मापात अशी रचायची, की वर ढीग दिसावा आणि आत वारा राहावा. स्वतः काही मागायची वेळ आली, की मात्र ओंजळ पसरायची.

बायकांनी वाळक्या भोपळ्याच्या तुंब्याच्या ठिकऱ्या हातात घेऊन पाहिल्या, चुकचुकल्या आणि गेल्या. कासिया ठिकऱ्यांकडे बघत बसली. तिला तंबाखूची चिंता नव्हती. चिंता चटईची होती.

तिच्या भावाची थोरली मुलगी वयात आली होती आणि रिवाजाप्रमाणे महिनाभर झोपडीत बसली होती. अजून सोळा दिवसांनी, पहाटे ढोल वाजले की तिला बाहेर काढायचं. झोपडीच्या दारात चटई अंथरतात. तिच्यावर बापाकडची आत्या बसते, गुडगुडी ओढते आणि पहिला धूर मुलीच्या डोक्यावरून सोडते. मग मुलगी उंबरा ओलांडते. ज्या आत्याने धूर सोडला तिचा शब्द त्या मुलीच्या लग्नात, बाळंतपणात, भांडणात, सगळीकडे पहिला. मान थोरल्या आत्याचा, म्हणजे कासियाचा. पण गुडगुडी स्वतःची हवी. मागून आणलेल्या धुराने मुलीला मागून आणलेला नवरा मिळतो, असं म्हाताऱ्या सांगतात.

कासियाच्या धाकट्या बहिणीकडे, मियोबाकडे, दोन गुडगुड्या होत्या. एक रोजची आणि एक मणी मढवलेली. बातमी कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: ताई, तुझे गुडघे दुखतात, चटईवर एवढा वेळ तुला बसवणार नाही, तू आराम कर, मी बसते. निरोपात माया इतकी ठासून भरली होती, की कासियाचे न दुखणारे गुडघेही त्या दिवशी दुखले.

नवीन गुडगुडी घ्यावी तर तीही पंचाईत. कोरा तुंबा दोन वर्षं तरी भोपळ्यासारखा लागतो. शिवाय पंचावन्न वर्षांची बाई कोरी गुडगुडी घेऊन म्हाताऱ्यांत बसली, की कुणी तरी हमखास विचारणार, नवरी कुठल्या गावची म्हणून. मुरलेली जुनी गुडगुडी हवी. आणि मुरलेली गुडगुडी कुठलीही बाई जिवंतपणी विकत नाही.

एक सोडून. लूसेच्या आईने गेल्या पावसाळ्यानंतर टेकडीवरच्या चर्चमध्ये नाव घातलं होतं. चर्चने तिची दारू सोडवली, तंबाखू सोडवली. जीभ सोडवायला आलेले दोघे मात्र स्वतःच हात टेकून परत गेले होते. तिची तीस वर्षांची गुडगुडी घराच्या आढ्याला, तोंडाला फडकं बांधून लटकत होती.

अडचण अशी, की लूसेची आई हत्तीकुळातली आणि कासिया शेळीकुळातली. या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं. हत्तीने शेळीला काय वाटेल ते बोलावं, शेळीने हत्तीला बोलावं, मयतातसुद्धा बोलावं. रागवायचं कुणी नाही. जो रागवेल त्याने कोंबडी द्यायची. कासियाने आयुष्यात एकही कोंबडी दिली नव्हती. स्वभाव शांत म्हणून नव्हे, कोंबडी महाग म्हणून.

ती गेली तेव्हा लूसेची आई अंगणात शेंगा सोलत होती. कासियाने आधी पावसाची चौकशी केली, मग लूसेची, मग चर्चची. चर्च चांगलं आहे हो, असंही म्हणाली. इतकं गोड बोलणं ऐकून लूसेच्या आईने शेंगा बाजूला ठेवल्या.

"शेळी वाट चुकली, की भूक लागलीय?"

कासियाने आढ्याकडे न बघता सांगितलं, की घरात ती वस्तू टांगून ठेवणं बरं नाही. रोज डोळ्यांपुढे असली की मन खेचतं. मी आपली तुझ्या भल्यासाठी ती घेऊन जाईन म्हणते. लूसेच्या आईने तिच्या परोपकाराचं तोंड भरून कौतुक केलं आणि किंमत सांगितली: तांबडी गाभण शेळी.

मग दुपार टळेपर्यंत घासाघीस झाली. कासियाने गुडगुडी उतरवून घेतली आणि तिची एकेक खोड काढली. मानेला तडा. तडा शिवलेली तार सैल. बोरूची नळी किडलेली. वरच्या मातीच्या चिलमीचा काठ उडालेला. वर्षभर पाणी नाही, त्यामुळे तुंबा वाळून खुळखुळ्यासारखा वाजतो. ही काय गुडगुडी आहे, हे हाडूक आहे. लूसेची आई शांतपणे म्हणाली, की मग हाडकासाठी अर्धा दिवस कोण बसलंय. तांबडीवरून काळीवर, गाभणवरून भाकडवर, अशी उतरत उतरत किंमत एका तरण्या बोकडावर येऊन थांबली.

"सगळं गाव मासळी देऊन वस्तू घेतं," लूसेची आई म्हणाली, "तू सख्खा भाऊ देऊन घेतलीस. बोकडाला निरोप देताना रडू नको म्हणजे झालं."

कासिया हसली. हसणं भागच होतं. गुडगुडी काखेत मारून ती फाटकापर्यंत गेली, तेव्हा मागून आणखी एक वाक्य आलं.

"तीस वर्षांची हत्तिणीची लाळ आहे त्यात. झुरक्याबरोबर पोटात जाईल. सकाळी उठून नाक चाचपून बघ, सोंड फुटली असेल."

थट्टेच्या नात्यात असं बोलावंच लागतं. न बोलणारा माणूस उद्धट ठरतो. पण हे वाक्य कासियाच्या मनात रुतून बसलं.

दुरुस्ती तिने जीव ओतून केली. मासेमारीच्या तराफ्यावरची जळकी मोटर कुणी तरी काठावर टाकली होती, तिच्यातली तांब्याची तार उलगडून आणली. जुनी सैल तार काढून तडा नव्याने शिवला, एकेक टाका दाताखाली धरून आवळला. टाक्यांवर मेण वितळवून ओतलं. ओढ्याकाठचा बोरू कापून, तापल्या सळईने आतल्या गाठी जाळून नळी केली. चिलीम भाजणाऱ्या म्हातारीकडून नवी चिलीम आणली आणि तिच्याशीही भाव केला. वाळका तुंबा ओल्या पोत्यात दोन दिवस गुंडाळून ठेवला, तेव्हा त्याच्या अंगावर पुन्हा तुकतुकी आली. गावात कुणालाही दाखवावं असं काम होतं. इथेच थांबली असती तर ही गोष्ट घडली नसती.

पण ती लाळ. कासिया भांडी वाळूने घासणारी बाई. तिच्या मडक्यात चेहरा दिसतो, असं बाजारात म्हणायचे. हत्तिणीच्या तोंडची तीस वर्षं तशीच ठेवून त्यात आपलं तोंड घालायचं, हे तिच्याच्याने होईना. तिने तुंब्यात कढत पाणी ओतलं, मूठभर बारीक खडे टाकले, वर वाळू, वर साबणाचा चुरा, आणि तोंड दाबून धरून खळखळ हलवलं. आतून काळं, दाट, गुळाच्या काकवीसारखं पाणी निघालं. ते तिने घरामागे ओतलं. पुन्हा पाणी, पुन्हा खडे. सातव्या पाण्याला तुंबा स्वच्छ झाला. आत बघितलं तर पिवळाधमक, जसा देवाने पिकवला तसा. कासियाला धन्य वाटलं.

तिने पाणी भरलं, तंबाखू चढवली, निखारा ठेवला आणि झुरका घेतला. तोंडात उकडलेला भोपळा आला. दुसरा झुरका घेतला, पुन्हा भोपळा, वर थोडा साबण. मांडीवर गार लागलं म्हणून पाहिलं, तर तुंब्याला घाम फुटावा तसं सगळीकडून पाणी पाझरत होतं.

लूसेची आई त्याच संध्याकाळी आली. बोकड मक्याचं पीक खातो, याची तक्रार करायला आले म्हणाली. पण तिचं लक्ष घरामागे गेलं. तिथली काळी ओली माती आणि ती माती उकरून झिंगल्यासारख्या फिरणाऱ्या दोन कोंबड्या बघून ती जागच्या जागी खाली बसली. बराच वेळ काही बोलली नाही. लूसेची आई बोलत नाही, हे कासियाने प्रथमच पाहिलं आणि ती घाबरली.

"माझी तीस वर्षं तू कोंबड्यांना पाजलीस," ती शेवटी म्हणाली.

कासियाने साबणाचं कारण सांगून पाहिलं, स्वच्छतेचं सांगून पाहिलं. लूसेच्या आईने तिला एखाद्या लहान पोरीला समजावावं तसं समजावलं. भोपळा शेतात कुणाच्याही पिकतो. आतलं कीट बाईने बसवायचं असतं, झुरक्या-झुरक्याने. ते कीटच पाणी धरून ठेवतं, तेच चव देतं. कीट घासून काढलेली गुडगुडी म्हणजे दात काढलेला मगर. दिसतो तसाच, चावत नाही.

"तूच म्हणालीस लाळ आहे म्हणून."

"मी हत्तीण आहे, तू शेळी आहेस. मी म्हणणारच. तू ऐकायचं कशाला?"

कासियाने इलाज विचारला. विचारताना तिचा आवाज बाजारात कधी नव्हता इतका बारीक झाला होता, कारण दिवस अकरा उरले होते. लूसेच्या आईने चटईचा विषय काढला नाही. तिने इलाज सांगितला. बाजरीची पातळ पेज करायची, ती तुंब्यात भरून आंबेपर्यंत तीन दिवस ठेवायची. म्हणजे आतली भोकं बुजतात. ओतून टाकल्यावर तंबाखूची राख आत फिरवायची. मग ओढायची. रोज दोन-चार वेळा नव्हे, उजाडल्यापासून मावळेपर्यंत, निखारा विझू न देता. आठ दिवसांत थोडं तरी कीट बसेल.

पेज आणि राख झाली. चौथ्या दिवशी सकाळी कासिया ओढायला बसली. दुपारपर्यंत तिने चौदा चिलमी संपवल्या. दुपारनंतर तिला झाडं दोन-दोन दिसू लागली, आणि संध्याकाळी ती घरामागे त्या कोंबड्यांशेजारी ओणवी होऊन ओकत होती. एका बाईचं हे काम नव्हतं, हे उघड झालं. मग ती आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते करायला निघाली. तिने गावाला तंबाखू ओढायला बोलावलं.

गाव आलं. बायका तोंडं घेऊन आल्या, तंबाखू घेऊन कुणीही आली नाही. आंब्याच्या झाडाखाली पहाटेपासून रांग लागायची. वीस वर्षांपूर्वी तंबाखू सोडलेल्या दोघी, केवळ मदत म्हणून पुन्हा ओढायला लागल्या. एक म्हातारी तर नातवाच्या सायकलवर बसून पलीकडच्या गावाहून आली आणि दिवसभर राहिली, जेवलीसुद्धा. प्रत्येकीचं मत वेगळं. एक म्हणे चव येतेय, दुसरी म्हणे अजून भोपळाच, आणि खात्री करून घ्यायला दोघी पुन्हा रांगेत उभ्या. कासियाने ढेप करून ठेवलेली तंबाखू पुढच्या हंगामापर्यंत पुरणार होती. ती पाच दिवसांत संपली. मग बाजारातून आणावी लागली, आणि बाजारात तिला तिच्याच पद्धतीचं माप मिळालं, वर ढीग आणि आत वारा.

मियोबाही आली. ताईसाठी एवढं तरी करायला नको का, असं चार जणींना ऐकू जाईल असं बोलून तिने मन लावून तीस झुरके ओढले. उठताना म्हणाली की गुडगुडी सुरेख झालीय, फक्त बुडाला ओल आहे. ते सांगताना तिचा चेहरा फार समाधानी होता.

लूसेची आई या सगळ्यावर देखरेख करायला रोज हजर. गुडगुडीला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. ती लांब उभी राहून कुणी घाईने ओढते, कुणी पाणी जास्त भरते, हे सांगायची, आणि सांगताना दातांनी गवताच्या काड्या अशा तोडायची, की संध्याकाळी तिच्या पायाशी शेळीला पुरेल एवढा चारा जमलेला असायचा.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी कासियाने पाणी भरून गुडगुडी कोरड्या फडक्यावर ठेवली. तासाभराने फडकं कोरडंच होतं. ढोलवाल्यांनी ढोल तापवायला घेतले होते, आणि ती मनातल्या मनात चटईवर बसलीही होती.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. बाजरीच्या दारूचे माठ एका बाजूला, ढोल दुसऱ्या बाजूला. लूसेची आईही आली. चर्चने ढोलावर आणि दारूवर बंदी घातली होती, पण ती दोन्हींसाठी आली नव्हती. शेळीकुळाच्या घरी कार्य आहे आणि हत्तीकुळाची कुणी शिव्या द्यायला गेली नाही, हे बरं दिसत नाही, असं तिने पाद्रीबाबांना सांगितलं होतं म्हणे.

कासिया नवं लुगडं कमरेला गुंडाळून चटईवर बसली. झोपडीच्या दारापलीकडे मुलगी घोंगडी पांघरून वाकून उभी. मियोबा दोन हातांवर, मणी मढवलेली गुडगुडी उगाचच मांडीवर घेऊन. निखारा आला. कासियाने तुंब्याची मान पकडली, नळी तोंडात घेतली आणि ओढलं.

गुडगुड आली, पण धाप लागलेल्या माणसासारखी. धूर आला नाही. तिने जोर लावला. कुठून तरी वारा शिरत होता, इतके दिवस पेजेने बुजलेलं एखादं भोक आता उघडं पडलं होतं. फडक्यावर नुसती ठेवली तेव्हा न गळलेली गुडगुडी ओढताना तिरपी झाल्यावर मानेखालून गळू लागली, आणि पाणी कासियाच्या नव्या लुगड्यावरून चटईवर उतरलं. चटईवर ओला डाग पसरला. नेमका तिथे, जिथून तो पसरू नये.

ढोलवाल्याचा हात थांबला. पोरी तोंडावर हात दाबू लागल्या. मुलीचा बाप, म्हणजे कासियाचा भाऊ, आभाळाकडे बघू लागला. मियोबा हळूच म्हणाली, की ताईला त्रास होतोय, तिला उठवा कुणी तरी, आणि आपली गुडगुडी सावरून अर्धी उठलीसुद्धा. कासियाला उठवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. उठली तर डाग सगळ्यांना दिसणार, बसली तर मुलगी दारातच.

तेवढ्यात गर्दीतून लूसेची आई पुढे आली. आता ती बोलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचा तिचा हक्कच होता. कासियाने डोळे मिटून घेतले.

"हिला कुणी हलवू नका," लूसेची आई मोठ्याने म्हणाली. "शेळी आहे ती. बसेल तिथे ओलं करणारच. हलवलीत तर लेंड्या पडतील."

अंगणात हशा फुटला. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या, ढोलवाल्याने ढोलावर दोन थापा दिल्या, भावानेही आभाळाकडचे डोळे खाली आणले. आता जे झालं ती बाईची फजिती राहिली नव्हती, ती हत्तीकुळाने शेळीकुळाची केलेली थट्टा झाली होती, आणि थट्टा चालू असताना शेळीला चटईवरून उठवणं म्हणजे ती रागावली असं कबूल करणं. कोंबडीचा दंड. मियोबाला परत बसावं लागलं. आणि कासियाला हसावं लागलं. या खेपेला ते तिला जड गेलं नाही.

हशा ओसरायच्या आत लूसेची आई तिच्या शेजारी टेकली. गुडगुडी ओढायची नव्हती तिला, तिने फक्त हात पुढे केला. तिचा उजवा अंगठा तुंब्याच्या मानेखाली, जिथे मान पोटाला मिळते, तिथल्या एका गुळगुळीत खळग्यात जाऊन बसला. बोट अंगठीत बसावं तसा.

"ओढ आता," ती पुटपुटली.

कासियाने ओढलं. गुडगुडी खाली खोल आवाजात बोलली, विहिरीत घागर बुडावी तशी. लूसेच्या आईने तो आवाज ऐकून डोळे मिटले. धूर आला, भरपूर आला. कासियाने तो मुलीच्या डोक्यावरून सोडला, ढोल सुरू झाले आणि मुलगी उंबरा ओलांडून उजेडात आली.

ढोलांच्या गोंगाटात कासियाने लूसेच्या आईला दातओठ खाऊन विचारलं, की तिथे भोक आहे हे बोकड घेताना का नाही सांगितलंस.

"मला तरी कुठं माहीत होतं," लूसेची आई म्हणाली. "तीस वर्षं अंगठा तिथंच होता. त्याने कधी सांगितलं नाही."

पुढे दोघींनी बरंच काही करून पाहिलं. भोकात मेण भरलं, पण निखाऱ्याच्या धगीने ते दुसऱ्या चिलमीला वितळून आलं. डिंक लावला, तो पाण्यात सुटला. कासियाने स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, पण तिचा अंगठा मासळी मोजून मोजून हाडकुळा झालेला, खळग्यात तो असा काही हरवायचा की दोन्ही बाजूंनी वारा जायचा. मोठी चिंधी बांधली तर गुडगुडीचा आवाज दबायचा, आणि दबक्या आवाजाची गुडगुडी घेऊन आता कासियाने म्हाताऱ्यांत बसणं शक्य नव्हतं. ती आता धूर सोडलेली आत्या होती.

चौथ्या दिवशी सकाळी कासिया आंब्याखाली येऊन बघते, तर लूसेची आई स्वतःचं स्टूल घेऊन आधीच येऊन बसलेली. ती म्हणाली, की पाद्रीबाबांना विचारून आले. ओढायला बंदी आहे. धरायला बंदी आहे का, असं विचारलं, तर त्यांना पुस्तकात शोधावं लागेल म्हणाले. पुस्तक जाडजूड आहे, वेळ लागेल.

कासियाने हिशेब करून पाहिला. बोकड दिला, वर्षभराची तंबाखू दिली, तार, मेण, चिलीम दिली. एवढं देऊन गुडगुडी आली, आणि गुडगुडीबरोबर विकणारीही घरी आली. परत नेऊन देता येत नव्हती. तिने निखारा ठेवला, नळी तोंडात धरली आणि तुंबा थोडा उजवीकडे सरकवला.

"नीट दाब," ती म्हणाली. "आणि धूर जातो त्या बाजूला बसू नको. माझा धूर फुकट नाही."

लूसेची आई बसली होती तिथून हलली नाही. हत्तीला कोण हलवणार.